परवानगी कोणाची? : ‘परमिशन मार्केटिंग’ या ग्रंथाची चिकित्सा

सारांश

व्यावसायिक ई-मेल पाठविण्यापूर्वी ग्राहकाची परवानगी घ्यावी, हा विचार विपणनशास्त्रात रूढ करण्यात सेथ गॉडिन यांच्या ‘परमिशन मार्केटिंग’ (१९९९) या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील परवानगीच्या संकल्पनेची चिकित्सा केली आहे. परवानगी ही विक्रेत्याने वाढवीत न्यावयाची मालमत्ता आहे, ही ग्रंथाची भूमिका त्याच ग्रंथातील नियमांना छेद देते आणि नंतरच्या संमतीविषयक कायद्यांच्या प्रकाशात अपुरी ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : परवानगी, संमती, ई-मेल विपणन, वैयक्तिक माहिती.

प्रस्तावना

मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना धाडले. त्यांचे पत्ते छापील निर्देशिकेतून उतरवून घेतलेले होते. पत्ता ठाऊक असणे आणि त्या पत्त्यावर जाहिरात पाठविण्याची मुभा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. टपालाने जाहिरात पाठविताना प्रत्येक पाकिटामागे पाठविणाऱ्याचा खर्च होतो. साहजिकच तो हात आखडता घेतो. ई-मेलमध्ये दहा पत्रे आणि दहा हजार पत्रे यांच्या खर्चात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. वाचण्याचा, निवडण्याचा आणि पुसून टाकण्याचा भार मात्र प्राप्तकर्त्यावर पडतो. गॉडिन यांच्या ग्रंथाचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

ग्रंथाचे प्रतिपादन

गॉडिन हे स्वतः या व्यवसायातील. त्यांची योयोडाइन ही कंपनी इंटरनेटवर स्पर्धा व बक्षिसे यांद्वारे जाहिराती करीत असे. १९९८ मध्ये ती याहूने विकत घेतली. त्यांचे मुख्य म्हणणे असे की, लोकांचे लक्ष ही दुर्मीळ वस्तू झाली आहे. लक्ष विचलित करून केलेली जाहिरात दिवसेंदिवस निष्प्रभ होते. म्हणून ग्राहकाला अपेक्षित असलेला, त्याच्यासाठीच असलेला आणि त्याच्या उपयोगाचा मजकूरच पाठवावा. त्यासाठी ते परवानगीचे चार नियम सांगतात : परवानगी हस्तांतरित करता येत नाही, ग्राहक ती स्वतःच्या हितासाठीच देतो, ती एका क्षणाची घटना नसून प्रक्रिया आहे, आणि ग्राहक ती केव्हाही काढून घेऊ शकतो.

या नियमांचे महत्त्व नाकारता येणार नाही. पत्त्यांच्या याद्यांची सर्रास खरेदी-विक्री होत असताना, विकत घेतलेल्या यादीला परवानगी म्हणता येत नाही असे एका विपणनतज्ज्ञाने ठामपणे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हती. ग्रंथाचे खरे श्रेय येथे आहे.

दोन रूपकांतील विसंगती

ग्रंथाचा डोलारा दोन रूपकांवर उभा आहे. पहिले विवाहपूर्व परिचयाचे. अनोळखी व्यक्तीला भेटताक्षणीच मागणी न घालता क्रमाक्रमाने ओळख वाढवावी, तसे विक्रेत्याने वागावे. या रूपकात दोन्ही पक्ष जागे आहेत. प्रत्येक भेटीनंतर नकार देण्यास मोकळे आहेत.

दुसरे रूपक रुग्णालयातील आहे. गॉडिन परवानगीच्या पायऱ्या लावतात आणि सर्वांत वरच्या पायरीला शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनची उपमा देतात. दंडाला सुई टोचलेला रुग्ण डॉक्टरांना प्रत्येक औषधाबद्दल विचारीत बसत नाही. त्याप्रमाणे ग्राहकाच्या वतीने विक्रेत्यानेच निर्णय घ्यावेत, ही आदर्श अवस्था होय. येथे मूलभूत विसंगती निर्माण होते. जी परवानगी केव्हाही परत घेता येते असे नियम सांगतो, तिची परमावधी नकाराचा विचारही न सुचणाऱ्या अवस्थेत दाखविली आहे. शिवाय डॉक्टर रुग्णाच्या हिताला बांधलेला असतो. विक्रेत्यावर तसे बंधन नसते. मराठीत ज्याला बोट दिल्यावर मनगट धरणे म्हणतात, तोच व्यवहार येथे प्रगती म्हणून मांडला गेला आहे.

आपल्या जुन्या घरांच्या रचनेत याचे उत्तर सापडते. ओसरीवर बसविलेला पाहुणा कितीही वेळा आला तरी आपोआप माजघरात जात नसे; त्यासाठी निराळे बोलावणे लागे. प्रवेश हा कामापुरता असे. ज्या कामासाठी पत्ता दिला त्या कामापुरतीच परवानगी, हे तत्त्व पायऱ्यांच्या कल्पनेत हरवते.

आमिष आणि संमती

ग्राहकाने परवानगी द्यावी म्हणून त्याला प्रथम काही प्रलोभन दाखवावे, ही गॉडिन यांच्या पद्धतीची पहिली पायरी होय. परंतु बक्षिसाच्या आशेने दिलेला होकार ही संमती मानावी काय, याची चर्चा ग्रंथात अपुरी आहे. हाच प्रश्न पुढे युरोपात उपस्थित झाला. प्लॅनेट-४९ या जर्मन कंपनीच्या ऑनलाइन सोडतीत भाग घेण्यासाठी प्रायोजकांना संपर्काची परवानगी देणे आवश्यक होते. कुकीजसाठीच्या दुसऱ्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय दिला. सोडतीच्या बदल्यात घेतलेली संमती मुक्त असते काय, हा मुद्दा मात्र त्याच्यापुढे विचारार्थ ठेवलेला नसल्याने अनिर्णित राहिला. गॉडिन यांच्या पद्धतीचा कणा असलेला प्रश्न तेथेही शिल्लकच राहिला, ही बाब लक्षणीय आहे.

कायद्यांच्या दोन वाटा

अमेरिकेचा १ जानेवारी २००४ पासून लागू झालेला कॅन-स्पॅम कायदा पूर्वपरवानगीची सक्ती करीत नाही. नकार कळविल्यावर दहा कामकाजी दिवसांत पत्रे थांबविण्याचे बंधन घालतो. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हीच त्याची भूमिका होय. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने मात्र जाहिरातीच्या ई-मेलसाठी पूर्वसंमती आवश्यक मानली आणि आपल्याच ग्राहकांना तत्सम वस्तूंविषयी कळविण्यापुरती मर्यादित सवलत दिली.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१० व २०१८ चे विनियम दूरध्वनी व लघुसंदेशांपुरते आहेत. ई-मेल त्यांच्या कक्षेत येत नाही. उपद्रवकारक ई-मेलचा उल्लेख असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ संदिग्धतेमुळे व अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातील कलम ६ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध हवी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे हवे. ‘बिनशर्त’ या एका शब्दाने आमिषाधारित परवानगीच्या पायालाच हात घातला आहे.

तथापि कलम ७ मध्ये, स्वेच्छेने दिलेली माहिती, नकार कळविला नसल्यास, दिलेल्या प्रयोजनासाठी वापरण्याची मुभा आहे. कलम ३ तर स्वतः सार्वजनिक केलेली माहिती अधिनियमाबाहेर ठेवते. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतःचा पत्ता जाहीर करणाऱ्या प्राध्यापकाला शुल्क घेऊन शोधनिबंध छापणाऱ्यांची पत्रे येत राहिली, तर हा अधिनियम त्याच्या मदतीला येईलच असे नाही. १९७८ च्या निर्देशिकेचा प्रश्न असा पुन्हा आपल्या दारात उभा राहतो. त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे : प्रवेशअर्जावर वा चर्चासत्राच्या नोंदणीपत्रकावर घेतलेले पत्ते आपल्याच संस्था पुढे कोणत्या कामांसाठी वापरतात?

समारोप

ज्या याहूने गॉडिन यांची कंपनी घेतली, त्याच याहूने गूगलसमवेत २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांवर एका क्लिकसरशी नाव कमी करण्याची सोय ठेवण्याची अट घातली आणि तक्रारींचे प्रमाण हजारी तीनच्या आत राखण्यास सांगितले. विक्रेत्याच्या स्वहितावर सोपविलेली परवानगी टिकली नाही, याचा हा व्यावहारिक पुरावा मानावा लागेल.

गॉडिन यांचे चार नियम आजही अध्यापनात उपयुक्त आहेत. त्यांच्या पायऱ्या मात्र जपूनच शिकवाव्यात. परवानगी विक्रेत्याच्या वहीत जमा होत असली, तरी तिची मालकी देणाऱ्याकडेच राहते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यादी कशी वाढवावी हे शिकविताना, यादीतून नाव सन्मानाने कसे कमी करावे हेही शिकविले पाहिजे. ज्या कामासाठी पत्ता मागितला ते काम अर्जावर लिहिणे आणि ते संपल्यावर पुन्हा विचारणे, एवढी शिस्त महाविद्यालयांनी स्वतःपासून सुरू करावयास हरकत नाही.