दोरीवरची हिमानी आणि आपली मोजपट्टी

आमच्या कांदिवलीत कुणाची मुलगी जिम्नॅस्टिक्स करते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: ऑलिंपिकचं काय? या मोजपट्टीत हिमानी परबची कारकीर्द बसतच नाही. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात ती दोरीचा मल्लखांब शिकली. २०१९मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, त्यात ती विजेती ठरली. २०२१चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. मल्लखांबाच्या वाट्याला आलेला तो पहिलाच.

तिच्यावरच्या बातम्या वाचताना मला एकच खटकतं. त्यांत ‘परंपरा जपणारी मुलगी’ भेटते, खेळाडू भेटत नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी पकडायची, अंगाभोवती तिचे विळखे घ्यायचे, पण गाठ कुठेच मारायची नाही. आणि तशा अधांतरी अवस्थेत आसन स्थिर ठेवायचं. हे कसब आहे, नुसता संस्कार नव्हे.

सिमोन बाइल्सची उडी आपण मोबाइलवर थांबवून थांबवून बघतो. तिला कुणी संस्कृतीची राखणदार म्हणत नाही. हिमानीचे व्हिडिओही तसेच बघा. मल्लखांब ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून तिची पकड सैल ठरत नाही.