तीन गट, तीन स्टँडर्ड एरर: ‘प्लांटग्रोथ’ शिकवताना काय राहून जातं?

आर शिकायला घेतलं की अनोव्हाच्या धड्यात ‘प्लांटग्रोथ’ हा डेटा हमखास भेटतो. मूळचा तो ॲनेट डॉब्सन यांच्या १९८३ च्या पुस्तकातला. तीन गट आहेत, एक कंट्रोल आणि दोन ट्रीटमेंट. प्रत्येक गटात १० नोंदी, आणि मोजलंय रोपांचं वाळलेलं वजन. डेटा छोटा आहे, गट समान आहेत, हिशेब हातानंही करता येतो. त्यामुळे माझी तक्रार डेटाबद्दल फारशी नाही. तो ज्या पद्धतीनं शिकवला जातो, तिच्याबद्दल आहे.

नेहमीचा क्रम असा: अनोव्हा चालवा, एफ ४.८५, पी ०.०१६, ‘गटांमध्ये फरक सिग्निफिकंट आहे’, धडा संपला. पण एफ सांगतो ते एवढंच, की तिन्ही गटांची खरी सरासरी एकच आहे हे मानलं तर हा डेटा त्याच्याशी नीट जुळत नाही. कुठला गट वेगळा, कितीनं वेगळा आणि ते किती खात्रीनं म्हणता येईल, याबद्दल एफ गप्प असतो. संशोधनात आपल्याला हवं असतं नेमकं तेच.

आता सरासऱ्या बघा. कंट्रोल ५.०३२, पहिली ट्रीटमेंट ४.६६१, दुसरी ५.५२६. मग पहिल्या ट्रीटमेंटचा परिणाम किती? कंट्रोलशी तुलना केली तर −०.३७१. तिन्हींच्या एकत्रित सरासरीशी, म्हणजे ५.०७३ शी केली तर −०.४१२. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. ‘गटाचा परिणाम’ म्हणताना कशाच्या तुलनेत, हे लिहिलं नाही तर आकडा अर्धवट राहतो.

अनिश्चिततेचंही तसंच. गटांच्या आतला विखुरलेपणा एकत्र करून स्टँडर्ड डेव्हिएशन येतं ०.६२३, डिग्रीज ऑफ फ्रीडम २७. त्याला १० च्या वर्गमुळानं भागलं की एका सरासरीची स्टँडर्ड एरर मिळते: ०.१९७. दोन गटांच्या फरकात दोन्ही सरासऱ्यांची अनिश्चितता मिसळते, म्हणून ती √२ पट, ०.२७९. एकत्रित सरासरीपासूनच्या अंतराची मात्र √(२/३) पट, म्हणजे ०.१६१, कारण त्या एकत्रित सरासरीत हा गट स्वतःच सामील आहे. एकाच डेटातून तीन स्टँडर्ड एरर! आलेखावर बार काढताना यातली कुठली वापरली, हे कितीजण लिहितात?

याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक सरासरीभोवतीचा ९५% इंटरव्हल ±०.४० चा आहे. पण दोन गटांतला फरक ०.५७ च्या वर गेला की फरकाच्या इंटरव्हलमध्ये शून्य उरत नाही. म्हणजे फरक ०.६ किंवा ०.७ असेल, तर बार एकमेकांवर आलेले दिसतील आणि तरी फरक सिग्निफिकंट असेल. ‘बार ओव्हरलॅप होतात, म्हणून फरक नाही’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

दुसरा घोळ कोइफिशियंटच्या तक्त्याचा. त्यात दोन्ही ट्रीटमेंटची तुलना फक्त कंट्रोलशी होते, आणि पी येतात ०.१९४ आणि ०.०८८. मी पहिल्यांदा हा तक्ता पाहिला तेव्हा चक्रावलो होतो: एकही सिग्निफिकंट नाही, मग एफ कसा? उत्तर सोपं आहे. सगळ्यात मोठा फरक दोन ट्रीटमेंटमध्येच आहे, ०.८६५, आणि तो या तक्त्यात छापलाच जात नाही. टुकीची पद्धत वापरली की दिसतो: इंटरव्हल ०.१७ ते १.५६. शून्य नाही, हे खरं. पण खालचं टोक आणि वरचं टोक यांत जवळजवळ नऊ पटींचा फरक आहे, हेही तितकंच खरं. ‘सिग्निफिकंट’ या एका शब्दात ते झाकलं जातं.

एक गोष्ट आणखी तपासायला हवी. गटांची स्टँडर्ड डेव्हिएशन ०.५८, ०.७९ आणि ०.४४ आहेत. सगळ्यांना एकच ०.६२३ लावणं हे गृहीतक आहे. दहा-दहा नोंदींवरून ते मोडलं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण दुसऱ्या ट्रीटमेंटची स्टँडर्ड एरर स्वतंत्रपणे काढली तर ०.१४ येते, ०.१९७ नाही. हे वाचकाला सांगायला काय हरकत आहे?

शेवटी डेटाबद्दलची एकच तक्रार. आरच्या मदतपानावर वजनाचं एकक नाही, ट्रीटमेंट कुठल्या तेही नाही. त्यामुळे ०.८६५ हा फरक शेतकऱ्याच्या किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीनं मोठा की किरकोळ, हे ठरवताच येत नाही. अशा उदाहरणावर सराव केला की पी-व्हॅल्यूवर थांबायची सवय लागते, कारण पुढे विचारण्यासारखं काही हाताशीच नसतं.

तुमच्या डेटाचं तसं नाही. एकक तुम्हाला माहीत आहे. तेव्हा एफच्या आधी तुलना ठरवा, मग फरक, त्याचा इंटरव्हल आणि कुठली स्टँडर्ड एरर वापरली ते लिहा. एफ कंसात टाकला तरी चालेल.