ऊतींची रेणुचित्रे आणि माहितीसिद्धान्त : काही आक्षेप

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेला माहितीसिद्धान्त मूळचा दळणवळणाचा होय. संदेशाच्या अर्थाशी आपणांस कर्तव्य नाही, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले होते. १९५६ साली तर इतर शास्त्रांतील त्याच्या उतावळ्या वापराविषयी त्यांनी इशाराही दिला. ऊतींच्या रेणुचित्रणात या इशाऱ्याचे स्मरण ठेवणे अगत्याचे वाटते.

१९९७ साली कॅप्रिओली व त्यांचे सहकारी यांनी ऊतीच्या पातळ छेदावर बिंदूबिंदूला लेझर पाडून तेथील रेणूंचे वस्तुमान मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा एका छेदातून शेकडो नकाशे हाती येतात. कोणते रेणू एकत्र नांदतात हे नुसत्या नजरेने ठरविणे दुरापास्त. म्हणून परस्पर-माहिती हे माप वापरले जाते. सहसंबंध-गुणकाच्या हातून निसटणारे वक्र संबंधही ते पकडते, हा त्याचा गुण निर्विवाद आहे.

परंतु दोन्ही नकाशांतील बिंदू एकाच क्रमाने पिसून टाकले, तरी या मापात तिळमात्र फरक पडत नाही! ज्या रचनेसाठी छेद घेतला, तिच्याविषयीच ते आंधळे आहे.

दुसरा दोष गणिताचा. नकाशांत काहीही संबंध नसला तरी मर्यादित बिंदूंवरून काढलेले माप शून्याच्या वरच येते. तीव्रतेचे प्रत्येकी १६ कप्पे आणि ९०० स्वतंत्र बिंदू घेतले, तर हा आभास सुमारे ०.१८ बिट भरतो. त्यातही शेजारचे बिंदू स्वतंत्र नसतातच. म्हणून एक नकाशा पिसून काढलेली ‘यादृच्छिक’ तुलना फसवी ठरते : पिसल्याने नकाशाचा सलगपणाच नाहीसा होतो, आणि केवळ सलग असलेले दोन असंबद्ध नकाशे संबद्ध भासू लागतात. त्यापेक्षा एक नकाशा अखंड सरकवून तुलना करणे बरे. अर्थात छेदाची कड वेडीवाकडी असल्याने तेही सोपे नाही.

शिवाय लेपाचे स्फटिक एखाद्या जागी दाट पडले, तर अनेक रेणूंचे संकेत तेथे एकदमच वाढतात. हीही ‘माहिती’च, पण ती ऊतीची नव्हे, लेपाची. तेव्हा संशोधकाने बिटांचा आकडा देण्यापूर्वी किती रुग्णांचे छेद तपासले हे सांगावे. एकाच छेदावरील हजारो बिंदू त्या संख्येची जागा घेऊ शकत नाहीत.