बाजारगावाचा इतिहास

आपल्या गावाचा इतिहास गावकऱ्यांनीच धुंडाळावा, ही हौस मोलाची खरी. परंतु ह्या लेखनाला एक खोड जडलेली असते. एक राजा, एक संत आणि एक देवालय ह्यांच्या कथा सांगून झाल्या, की इतिहास संपला! ज्या बाजाराने गाव पोसले त्याला चार ओळीही मिळत नाहीत.

तेरणाकाठचे तेर घ्या. आपणांस ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ नावाची पेठ येते. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरची ही पेठ. तिचे जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदरी जाई. तगर म्हणजे कोणी जुन्नर म्हणे, कोणी धारूर. अखेर फ्लीटसाहेबांनी ते तेरच, असे दाखवले. ह्या व्यापाराची साक्ष कोण देते? नाणी, मणी, हस्तिदंती पुतळी आणि खापरे! कुंभार संताच्या गावी खापराने इतिहास बोलावा, ही गोष्ट मोठी गोड आहे.

ह्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या त्या तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी. तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे ऋण थोर आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १९५८ साली तेरला उत्खनन झाले. उत्खननात वस्तूबरोबर तिचा थरही नोंदला जातो. पावसाने उघड्या पडलेल्या मण्याला तो थर नसतो. मणी सुंदर दिसतो, पण त्याची साक्ष अर्धीच राहते. म्हणून गावच्या मंडळींनी कुदळ हाती न घेता वही घ्यावी. कोणाच्या शेतात, कोणत्या दिवशी, कशासोबत वस्तू मिळाली, एवढे टिपले तरी पंडितांचे निम्मे काम होते.

वहीवरून आठवले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली निवर्तले, आणि १९२७ साली धुळेकरांनी त्यांच्या नावाने मंडळ स्थापून त्यांचा कागदसंग्रह जपला. राजवाड्यांनी कागद मिळवले ते वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतूनही. तसे कागद आजही बाजारपेठांत असतील. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीला हळदकुंकू वाहतात. जुनी मात्र माळ्यावर जाते, आणि तेथून वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या हाती. तिच्यात कोणत्या साली जोंधळा काय भावाने विकला, दुष्काळात कोणाचे देणे थकले, कोणते गिऱ्हाईक कुठल्या गावाहून येई, हे सारे असते. राजाची बखर लिहायला चिटणीस होते. बाजाराची बखर ह्या चोपडीखेरीज कोणी लिहिली नाही.

तेव्हा यंदा घर झाडताना माळ्यावरचे मोडी गाठोडे खाली उतरवा. ते रद्दीत घालण्यापूर्वी वाचता येणाऱ्या एखाद्या जाणत्याला दाखवा. गावाच्या इतिहासाचे पहिले पान कदाचित त्यातच निघेल.