शिवोलीचा खर्ज

हसविणाऱ्या संगीताला आपल्या समाजात सहसा खालच्या पाटावर बसविले जाते. मिस्सेतील गायन, खुरसाकडची लादीन, मांडो ही खरी कला. रोसाच्या मांडवातील गमतीची गाणी म्हणजे घटकाभर करमणूक, अशी विभागणी आपण मनाशी पक्की केलेली आहे. ती कितपत न्याय्य आहे हे तपासावयाचे तर रेमो फर्नांडिस यांची १९८४ सालची 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत चांगली कसोटी ठरते, असे आम्हांस वाटते.

या ध्वनिफितीचे जन्मस्थान आपल्यापासून दूर नाही. तेरेखोल ओलांडावी, पेडणे मागे टाकावे, की शापोरा नदीच्या दक्षिण तीरावर शिवोली लागते. मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयात वास्तुशास्त्राची पदवी घेऊन आणि युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती करून आलेल्या रेमो यांनी तेथील आपल्या घरातच चार पट्ट्यांच्या एका छोट्या ध्वनिमुद्रण यंत्रावर ही गाणी मुद्रित केली. गीते त्यांची, चाली त्यांच्या, सारे आवाज त्यांचे आणि सारी वाद्येही त्यांनीच वाजविलेली. फिती तयार झाल्यावर त्या आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून ते स्वतःच गोव्यातील दुकानांत पोचवीत असत.

एकट्याने सारी वाद्ये वाजविणे ही निव्वळ हौस असते, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रकाराला मोठी वंशावळ आहे. 'बीटल्स'चे खर्जवादक पॉल मॅकार्टनी यांनी १९७० साली आपली पहिली एकल तबकडी काढली. तिचा बराचसा भाग त्यांनी घरीच, चार पट्ट्यांच्या यंत्रावर, सारी वाद्ये स्वतः वाजवून मुद्रित केला होता. अमेरिकेतील 'फंक' या नृत्यसंगीतात तर खर्जाची गिटारच पुढे येऊन खोड्या काढते. बूट्सी कॉलिन्स यांनी १९७६ साली आपल्या वाद्यवृंदासह काढलेल्या 'स्ट्रेचिन आउट' या तबकडीत तिने वात्रटपणाचा कळस गाठला आहे. मात्र हा वात्रटपणा तालाची मात्रा कधी चुकवीत नाही.

चार पट्ट्यांच्या यंत्रावर काम करणाऱ्याला हे शिस्तीचे महत्त्व हातानेच शिकावे लागते. तीन पट्ट्या भरल्या की त्या चौथीत एकत्र करावयाच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढची वाद्ये चढवावयाची. एकदा एकत्र केलेले पुन्हा सुटे करता येत नाही, आणि प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढते. म्हणून ताल आणि खर्ज आधी पक्के बसवावे लागतात. पायाचा चिरा हलला, तर वरची कौले कितीही रंगीत असोत, घर गळणारच. खेळकर संगीतकार बेफिकीर असतो, हा समज येथेच खोटा ठरतो.

आता विनोदाविषयी. शीर्षकातच श्लेष आहे: वेडे होणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगात 'गोइंग'च्या जागी 'गोअन' बसविले, की वेड गोव्याचे होते. या फितीतील एक गीत टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेल यांना उद्देशून आहे. ज्या काळात फोन घरात असणे आणि तो चालू असणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या, त्या काळात शोधकर्त्याचे स्तोत्र गाणे हाच टोमणा होता. येथे व्यवस्थेला चिमटा बसतो, पण कोणा माणसाचा अपमान होत नाही. तियात्राने ही कला आपल्या लोकांना शतकभर शिकविली आहे.

या फितीचे महत्त्व आम्हांस आणखी एका कारणाने वाटते. आपला किनारा चाकरमान्यांचा. गोव्यातील कलावंतांच्या कपाळीही मुंबईच होती. धर्मग्रामाच्या शाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली कितीतरी मुले हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, वाद्यवृंदाची रचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा यांनी त्या संगीताला आकार दिला. पण पडद्यावर नाव संगीतकाराचे येई, यांचे क्वचितच. गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोचले ते १९७७ साली, शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे, 'अमर अकबर अँथनी'तील एका विनोदी गाण्यात. ज्याने आयुष्यभर इतरांसाठी वाजविले, त्याचे नाव हास्यातून उरले. या पार्श्वभूमीवर, आपल्याच गावी राहून, आपल्याच नावाने, आपलीच थट्टा करीत गाणारा शिवोलीकर मोठी गोष्ट करून गेला. २००७ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. पण त्या सन्मानाची पायाभरणी पिवळ्या स्कूटरवरच झाली होती.

दोष नाहीत असे नाही. एकच माणूस सारे आवाज गातो, तेव्हा त्याला अडविणारे कोणी उरत नाही. मांडोतील दुसरा आवाज पहिल्याला केवळ साथ देत नाही, त्याला सांभाळतो. घुमटावरचा हात गाणाऱ्याला आवर घालतो. तो दुसरा जीव येथे नाही, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच टाळी दिल्यासारखे क्वचित वाटते. इंग्रजीवरील भरामुळे वाडीतील वडीलधारी माणसे या थट्टेच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, रेमो 'ओल्ड गोअन गोल्ड'मधून जुन्या गोमंतकीय गाण्यांकडे वळले, हे आम्हांस म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

आज मालवण-वेंगुर्ल्याच्या घरांत चारच काय, शेकडो पट्ट्या भ्रमणध्वनीत मावतात. कळ दाबली की तयार ताल वाजू लागतो, आणि खर्जही कोणा परक्याने आधीच भरून ठेवलेला असतो. साधनांची वाण संपली. प्रश्न उरतो तो पायाचा. धर्मग्रामातील ज्या मुलांना गमतीचे गाणे रचावेसे वाटते, त्यांना वडिलांनी थांबवू नये. मात्र खालचा स्वर त्यांनी स्वतःच्या बोटांनी वाजवावा आणि दुसरा आवाज शेजाऱ्याकडे मागावा, एवढा आग्रह जरूर धरावा.