‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाची अर्थबहुलता आणि मराठी विद्यार्थी : वर्धा परिसरातील बोलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
विदर्भात कारंजा नावाची दोन गावे परिचित आहेत. एक वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) आणि दुसरे वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड). नुसते ‘कारंजा’ म्हटले तर ऐकणारा थबकतो. कंसातील शब्द जोडला की शंका उरत नाही. अनेकार्थी शब्दांचा व्यवहारही असाच चालतो. शब्द एकच असतो, अर्थ मात्र शेजारच्या शब्दांवरून ठरतो. इंग्रजीतील ‘गेट’ हे क्रियापद (फाटक या अर्थाचे नाम नव्हे) याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. तरीही मोठमोठ्या शब्दांपेक्षा हे छोटेसे क्रियापदच विद्यार्थ्याला अधिक अडविते. प्रस्तुत लेखात या अडचणीची चिकित्सा केली असून तिच्यावरील उपाय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलीत कसा आहे, याचा विचार केला आहे.

अर्थांच्या यादीची मर्यादा :
शब्दासमोर प्रतिशब्द ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, तर कँडी यांनी पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. या कोशांचे ऋण मोठे आहे. परंतु कोश हे संदर्भाचे साधन आहे, पाठांतराचे नव्हे. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या एका क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदविलेले आहेत. ते पाठ करून कोणीही इंग्रजी शिकलेले नाही. तथापि, वर्गात ‘गेट म्हणजे मिळणे, मिळविणे, होणे, पोहोचणे, आणणे, समजणे’ अशी यादी फळ्यावर लिहिली जाते आणि तेथेच विषय संपतो.

यादीतील पहिलाच प्रतिशब्द तपासला तर तिची अपूर्णता लक्षात येते. ‘आय गॉट अ जॉब’ या वाक्याचे मराठी ‘मला नोकरी मिळाली’ असे होते. अर्थ जुळला, परंतु रचना उलटली. इंग्रजीत ‘आय’ कर्ता आहे. मराठीत कर्ता ‘नोकरी’ असून ‘मिळाली’ हे रूप तिच्या लिंगवचनानुसार आले आहे. मिळविणारी व्यक्ती ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूला उभी आहे. म्हणजेच ‘गेट’ आणि ‘मिळणे’ यांत अर्थाचे साम्य असले तरी वाक्यातील नाते भिन्न आहे. हे नाते यादी सांगत नाही.

अर्थांमागील सूत्र :
‘गेट’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. मिळविणे हा त्याचा मूळ अर्थ. त्याच्या पुढील विस्तारात एक सूत्र दिसते. ‘शी इज टायर्ड’ म्हणजे ती थकलेली आहे; ‘शी गॉट टायर्ड’ म्हणजे ती थकली. ‘ही हॅज अ लायसन्स’ म्हणजे परवाना त्याच्याजवळ आहे. ‘ही गॉट अ लायसन्स’ म्हणजे तो मिळाला. ‘वी आर इन नागपूर’ म्हणजे आम्ही नागपुरात आहोत. ‘वी गॉट टू नागपूर’ म्हणजे आम्ही तेथे पोहोचलो. पहिली वाक्ये स्थिती सांगतात, दुसरी त्या स्थितीत झालेला प्रवेश सांगतात. पुढे नाम आले तर प्राप्ती, विशेषण आले तर अवस्थांतर आणि स्थळ आले तर आगमन, असा बहुतेक अर्थांचा उलगडा होतो. ‘ही गॉट द पंप रिपेअर्ड’ याचे मराठी तर ‘त्याने पंप दुरुस्त करून घेतला’ असे सहज होते. येथे प्रतिशब्द ‘मिळणे’ नसून ‘करून घेणे’ ही संपूर्ण रचना आहे.

मातृभाषेतील समांतर उदाहरण :
अशी बहुरूपी क्रियापदे मराठीला नवी नाहीत. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. झाडाला संत्री लागतात, संत्रे आंबट लागते, नागपूरहून अमरावतीला जाताना वाटेत कारंजा लागते. एखादा नात्याने काका लागतो, मूल रडू लागते आणि इच्छा नसताना जावे लागते. मराठी मुलाने ‘लागणे’ या क्रियापदाच्या अर्थांची यादी कधी पाठ केलेली नसते. तरी तो चुकत नाही, कारण शेजारचे शब्द त्याला वाट दाखवितात. येथे एक भेदही ध्यानात घ्यावा. ‘गेट’मध्ये हेतुपुरस्सर कृती सामावते, ‘लागणे’मध्ये ती सहसा सामावत नाही, त्यासाठी मराठीला ‘लावणे’ हे वेगळे रूप आहे. तुलना उपयुक्त ठरते ती अशा भेदांमुळेही.

‘राहणे’ आणि बोलीचा प्रश्न :
वर्धा परिसराच्या बोलीत याहून बोलके उदाहरण आहे. ‘पोरगा पेपर लिहून राहिला’ या वाक्याचा तेथील अर्थ ‘मुलगा पेपर लिहीत आहे’ असा होतो. ‘पेपर लिहायचा राहिला’ याचा अर्थ मात्र तो लिहिलाच गेला नाही. क्रियापद एकच, पण आधीचे रूप बदलताच अर्थ विरुद्ध टोकाला जातो, आणि शाळेत न गेलेली व्यक्तीही यात गोंधळत नाही. ‘वास्तव्य करणे’ या अर्थाच्या क्रियापदाने सहायक क्रियापदाचे काम पत्करावे, ही प्रक्रिया हिंदीतील ‘लिख रहा है’ या रचनेतही दिसते. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या द्विभाषिक प्रांतात होता, हे लक्षात घेता हा शेजार स्वाभाविक आहे. इंग्रजीत ‘ही गॉट कॉट’ म्हणजे ‘तो पकडला गेला’ येथे ‘गेट’ असेच सहायक बनते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडाने (१९०५) वऱ्हाडी व नागपुरी या रूपांची दखल घेतली. वर्गात मात्र ‘लिहून राहिला’ हे ‘अशुद्ध’ ठरवून खोडले जाते. प्रमाण मराठी लेखनासाठी आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु जे रूप खोडले जाते, त्यातच इंग्रजी क्रियापद समजून घेण्याची किल्ली असते. स्वतःच्या बोलण्याची लाज वाटू लागलेला विद्यार्थी परक्या भाषेतही तोंड उघडत नाही, हे या खोडण्याचे खरे मोल होय.

समारोप :
ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला होता. त्या विचाराचा इंग्रजीच्या अध्यापनाशी विरोध नाही. उलट, त्याला तेथे नवे क्षेत्र आहे. ‘गेट’ शिकविताना प्रतिशब्दांच्या यादीऐवजी वाक्यांच्या जोड्या द्याव्यात, ‘लागणे’ व ‘राहणे’ यांचे उपयोग विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत आणि बोलीतील वाक्य चूक म्हणून न खोडता प्रमाण रूपाशेजारी फळ्यावर लिहावे. तसे झाल्यास विद्यार्थ्याला इंग्रजीतील एक क्रियापद तर कळेलच, शिवाय आपल्या घरची भाषाही नियमांनी चालते, हे त्याला प्रथमच उमगेल.