पार्ले, पार्ल् आणि गाईडमधलं देवनागरी फ्रेंच

गेल्या रविवारी नेरूळच्या आमच्या सोसायटीतली अकरावीची एक मुलगी फ्रेंचचं गाईड घेऊन आली. "ताई, तू आवाजांवर पीएच.डी. करतेस ना? वर्गात मला म्हणाले, तुला कानच नाही."

गाईडचं नाव घेत नाही. मी चाळलेली दोन-तीन अशीच होती: क्रियापदाचं रूप, शेजारी देवनागरीत उच्चार, मध्ये रेघा मारून तोडलेली अक्षरं. कल्पना चांगली आहे, गडबड तोडण्यात आहे.

'बोलणे' घ्या. 'ते बोलतात' या रूपाच्या शेवटी ई-एन-टी लिहितात, म्हणून गाईड म्हणतं 'पार्-लां'. खरा उच्चार 'पार्ल्'. 'मी बोलतो'चाही तोच. 'पार्ले' होतं ते 'तुम्ही बोलता'चं. (आपल्याला पी-ए-आर-एल-ई दिसलं की विलेपार्ले आठवतं, त्यामुळे तिथेही आपण 'ले' लावून मोकळे!) गाईडने कागदावरची अक्षरं मोजली. उच्चारातलं अक्षर म्हणजे एका स्वराभोवतीचा आवाजाचा तुकडा. माझं काम ध्वनिलेखात हेच तुकडे शोधायचं. तिथे स्वराचा उंचवटा दिसतो, न उच्चारलेल्या ई-एन-टीचा मागमूसही नसतो. आपण 1962 च्या नियमांनी 'नांव', 'कांही'वरचे असे मुके ठिपके काढून टाकले. फ्रेंचांनी ई-एन-टी ठेवलं, कागदावर तरी अनेकवचन त्यावरून कळतं.

पण मला जास्त खटकलं ते 'हाक मारणे'चं पान. 'मी हाक मारतो' म्हणजे 'आपेल्'. 'आम्ही हाक मारतो'ला गाईड देतं 'आ-पे-लों', कानावर मात्र येतं 'आप्लों'. मधला स्वर एकदा ठणठणीत, एकदा गायब. का? पुढे स्वर नसला की 'ल्' मागच्या अक्षराला चिकटतो, ते अक्षर बंद होतं आणि त्यातला 'ए' पूर्ण उच्चारला जातो. पुढे 'ओं' आला की 'ल' तिकडे जातो, मागचा स्वर दुबळा होऊन गळतो. म्हणूनच लिहिताना पहिल्या रूपात दोन एल, दुसऱ्यात एक. 1990 च्या लेखनसुधारणेत अशा बऱ्याच क्रियापदांचा जोड एल जाऊन ई वर तिरकी रेघ आली. हे क्रियापद मात्र अपवाद म्हणून तसंच राहिलं.

"हे कसं लक्षात ठेवू?" तिचा चेहरा पडला. म्हटलं, 'समज' म्हण. आता 'समजतो'. आता 'समजून'. तिसऱ्याला ती थांबली. "सम्-जून! मधला अ गेला." गेलाच. 'समजतो'त मात्र तो शाबूत आहे. हे तिला कोणी शिकवलेलं नाही, गाईडमध्ये नाही, आणि ती कधी चुकतही नाही. दोन भाषांचं नातं मी लावत नाहीये. फ्रेंचमध्ये सावकाश वाचताना तो दुबळा स्वर परत येतो, आपलाही गाण्यात येतो. पण स्वर कुठे गळतो हे ज्याला आपोआप कळतं, त्याला कान नाही असं कसं म्हणायचं?

आता आम्ही गाईडमधल्या रेघा पेन्सिलने खोडतोय. 'फेकणे'पर्यंत आलोय. 'मी फेकतो', 'झेत्'. 'आम्ही फेकतो'ला छापलंय 'झे-तों'. तिने न विचारता शेजारी 'झ्तों' लिहिलं.